मांदेलीची काळी चटणी

माझे पती एकतीस वर्षं प्रवासी जहाजांवर स्वयंपाकी होते. लग्नानंतर दोन महिन्यांत ते पहिल्या जहाजावर चढले आणि साठाव्या वर्षी शेवटच्या जहाजावरून उतरले. नऊ महिने समुद्रावर, तीन महिने वसईजवळ पापडी गावात घरी, असा आमचा संसार. एका दुपारी मी सहज मोजून पाहिलं, तर एकत्र राहिलेली वर्षं आठसुद्धा भरली नाहीत. मोजून झालं आणि मी उठून कपडे वाळत घालायला गेले. वाईट वाटायला हवं होतं, हे नंतर लक्षात आलं.

ते कायमचे घरी आले तेव्हा मी नुकतीच शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले होते. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली. सासू-सासरे दोघंही गेलेले. घरात आम्ही दोघंच, मागे केळीची छोटी वाडी आणि विहीर. पूर्वी ते सुट्टीवर यायचे तेव्हा मी घर पाहुण्यासाठी लावावं तसं लावायचे. आता हा पाहुणा जाणार नव्हता, आणि पुढे काय करायचं ते आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं. सकाळचा चहा झाला की ते ओसरीवर बसत, मी आत. अकराच्या सुमारास ते दारात येऊन विचारत, "काही मदत करू?"

"नको, झालंच."

खरं म्हणजे काहीच झालेलं नसायचं.

महिनाभराने एका सकाळी ते न विचारताच आत आले आणि ओट्याची डावी बाजू त्यांनी घेतली. तिथे त्यांनी करायला घेतली ती ही काळी चटणी. तिचं खरं नाव फ्रेंच आहे, ते मला नीट म्हणता येत नाही. जहाज भूमध्य समुद्रात असलं की ती रोज लागायची, जेवणाआधी, पावाच्या भाजलेल्या कापांवर लावून. काळे ऑलिव्ह, खारवलेले अँचोव्ही नावाचे बारके मासे, मिठात मुरवलेल्या केपरच्या कळ्या, लसूण, लिंबू आणि ऑलिव्हचं तेल, एवढंच कुटून एकत्र करायचं.

ऑलिव्ह वसईत बाटलीतले मिळतात. बिया काढलेले, गुळगुळीत काळे दिसतात ते त्यांना चालत नसत. "रंगवलेलं रबर आहे ते," म्हणायचे. सुरकुतलेले, बी असलेले शोधून आणायचे आणि सुरीचं पातं आडवं दाबून एकेक बी काढायचे. बाकी सगळं इथलंच. अँचोव्हीच्या जागी मांदेली. "आपली मांदेली त्याच कुळातली," ते म्हणाले, "तिकडे असल्या माशाला महिनोन्‌महिने जपतात, आपण दुपारी तळतो आणि संपवतो." केपरच्या जागी केर, म्हणजे स्टेशनजवळच्या राजस्थानी वाण्याकडे मिळणारी ती सुकी, वाटाण्याएवढी फळं. तीन दिवस मिठाच्या पाण्यात भिजवून त्यांचा कडूपणा काढायचा. "केपर ही कळी आणि हे फळ. पण घराणं एकच."

मिक्सरला परवानगी नव्हती. मिक्सरने मलम होतं म्हणे. त्यामुळे सासूबाईंचा दगडी खल माळ्यावरून खाली आला.

मांदेलीचं काम सगळ्यात वेळखाऊ. ताज्या माशाचं डोकं चिमटीत धरून ओढायचं, म्हणजे पोटातलंही सगळं बरोबर येतं. मग चिनी मातीच्या बरणीत खडे मीठ, त्यावर मासे, पुन्हा मीठ, असे थर लावून वर ताटली आणि ताटलीवर धुतलेला दगड. एक-दोन दिवसांत माशांचं पाणी सुटून वर येतं. मासे त्या पाण्याखाली बुडालेले राहिले पाहिजेत. तीन महिन्यांनी सोनेरी झाक असलेला मासा विटकरी होतो, काटा दोन बोटांनी निघून येतो.

पहिली चटणी तयार झाली तेव्हा त्यांनी पावाच्या तुकड्यावर लावून माझ्यासमोर धरली.

"कशी झालीय?"

"छान."

हा शब्द माझ्या तोंडात कसा बसला ते सांगायला हवं. सुरुवातीच्या वर्षांत ते कुठल्या कुठल्या बंदरांतून फोन करायचे. फोन शेजाऱ्यांकडे होता. हाक आली की मी धावत जायचे. समोर शेजारची माणसं बसलेली, कानात घरघर, आणि हातात मोजकी मिनिटं. "कशी आहेस?" "छान." "घरी सगळे?" "सगळं छान." विहिरीची कड ढासळली त्या आठवड्यातही छान होतं, आणि मुलीला टायफॉइड झाला तेव्हाही. सासऱ्यांचं अर्धं अंग गेलं ते मी दीड महिन्याने सांगितलं, ते काठी धरून चालायला लागल्यावर. समुद्रावरच्या माणसाला सांगून काय होणार? त्याला काही उतरून येता येत नाही. पुढे घरात फोन आला, मग मोबाइल आला, मग त्यांचा चेहराही दिसू लागला. शब्द मात्र तोच राहिला. आधी आधी मी खरं काय ते स्वतःशी पाहून मग छान म्हणायचे. नंतर कधीतरी ते पाहणंच बंद झालं.

चटणीच्या बाबतीतही तेच. ती खारट होती, तेलकट होती, बाकी मला काही वाटलं नाही.

ते घरी येऊन वर्ष होत आलं तेव्हा त्यांना ताप आला. चार दिवसांत उतरला. पाचव्या दिवशी मी मागे केळीला पाणी घालत होते, गॅसवर दूध ठेवलेलं. करपल्याचा वास विहिरीपर्यंत आला तशी मी पळत आत आले. पातेल्याचा तळ काळा झालेला, आणि ते तीन पावलांवर टेबलाशी पेपर वाचत बसलेले, गॅसकडे पाठ करून.

"अहो, दूध!"

त्यांनी मान वर केली. "काय झालं दुधाला?"

मग त्यांनी स्वतःच एकेक डबा उघडला. कॉफी, हिंग, सुकट. सुकटीचा डबा नाकाला लावून ते बराच वेळ उभे राहिले. लसणाची पाकळी चावली आणि म्हणाले, "तिखट आहे, एवढंच कळतंय." वसईच्या डॉक्टरांनी तपासलं, मुंबईच्याही. कधी कधी येतो परत, कधी नाही, असं दोघांनीही सांगितलं. जिभेला खारट, आंबट, कडू कळत होतं. बाकी जे नाकाने कळतं ते सगळं गेलं होतं.

जहाजावर त्यांच्याबरोबर सतरा वर्षं काम केलेला एक मित्र आता चिंचोटीजवळच्या एका छोट्या हॉटेलचं स्वयंपाकघर बघतो. पावसाळ्यात तिथल्या धबधब्यावर गर्दी होते, त्याआधी हॉटेलातल्या पदार्थांच्या पाटीवर ही चटणी ठेवायचं त्याच्या मनात होतं. दहा बाटल्या द्यायचं ह्यांनी तापाच्या आधीच कबूल केलेलं. मांदेली बरणीत मुरत पडलीच होती. मे महिन्यात ती उघडली तेव्हा ते मला म्हणाले, "मीठ-लिंबाचं मी बघतो. बाकीचं तुला सांगावं लागेल."

त्यांनी कुटलं, मी चमचा तोंडात घातला. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. इतक्या जवळून, इतक्या लक्षपूर्वक त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं होतं का, मला आठवत नाही.

"मासा मुरल्यासारखा लागतोय ना? सडका नाही?"

"नाही."

"तेल?"

"छान आहे."

कपाटात विसरून राहिलेल्या तेलाच्या बुधलीला येतो तसा एक वास होता. तो मला आला होता. पण तो येऊन कुठेतरी बाजूला उभा राहिला आणि तोंडाने ठरलेलं उत्तर दिलं. मित्र स्वतः येऊन बाटल्या घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. हे ओसरीवर होते, फोनचा आवाज मोठा ठेवलेला, त्यामुळे मलाही आत ऐकू आलं. तो आधी हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला, "दुसरा कोणी असता तर बोललो नसतो. खवट आहे रे ती."

"खवट?"

"मासा वरून पिवळा पडला असणार. पाण्याबाहेर राहिला असेल वरचा थर. मी बाहेर दिली नाही कोणाला. टाकून दिली. मनाला लावून घेऊ नकोस."

फोन ठेवून ते आत आले. रागावलेले दिसत नव्हते. त्यांनी विचारलं, "तुला कळलं नव्हतं?"

"कळलं असेल."

"असेल म्हणजे?"

"म्हणजे वास आला होता. पण तुम्ही विचारलंत तेव्हा मी छान म्हटलं."

"का?"

"माहीत नाही. मी तसंच म्हणते."

ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मग इतकी वर्षं मी फोनवर कोणाशी बोलत होतो?"

मला तेव्हा काही जाणवलं असतं तर बरं झालं असतं. मी गॅस पुसत होते, तो पुसत राहिले.

त्यानंतर ओट्याची डावी बाजू रिकामी राहिली. खल त्यांनी धुऊन पालथा घातला. जेवायला बसत, "दे", "पुरे", एवढंच बोलत. असे आठ दिवस गेले. घरात पूर्वीही शांतता असायची, पण ती माझ्या सवयीची होती, माझी एकटीची. ही मला उचलता येईना. दुःख झालं होतं असं नाही. पायाला मुंग्या आल्यावर पाय आपला वाटत नाही, तसं होतं काहीतरी, सगळ्या अंगाला.

नवव्या दिवशी मी एकटीच बाजारात गेले. पावसाळ्याची मासेमारीबंदी दोन दिवसांवर आली होती. नेहमीच्या कोळणीकडे मांदेलीचा ढीग होता. मी तीन किलो मागितली तशी ती हसली. "एवढी? दोन मानसं तुमी, कवा खाणार?"

"मिठात घालायचीय. तीन महिने."

"मिठात घालून मांदेली कोन खातो बाय?" असं म्हणत तिने वर मूठभर घातली. मी एक मासा उचलला आणि नाकाशी नेला. तिथेच, बाजारात, लोकांदेखत. समुद्राचा, थोडा काकडीसारखा वास होता. ती म्हणाली, "पान्यातून आत्ता काढलीय, काय हुंगतेस?"

घरी येऊन मी ओसरीच्या पायरीवर परात घेऊन बसले. पहिल्या चार-पाच माशांची पोटं फुटली. मागून त्यांचा आवाज आला. "कापू नकोस. डोकं वरून खाली ओढ, हळू." मी ओढलं, सगळं बरोबर आलं. थोड्या वेळाने त्यांनी दुसरी परात आणली आणि शेजारी बसले. बरणी भरताना ते म्हणाले, "ह्या वेळी रोज बघायचं. पाणी कमी दिसलं तर मिठाचं पाणी वर घालायचं." मी रोज बघायला लागले.

डॉक्टरांनी त्यांना एक व्यायाम दिला होता. लवंग, लिंबू, गुलाबपाणी आणि निलगिरीचं तेल, चार वास, सकाळ-संध्याकाळ डोळे मिटून हुंगायचे आणि आठवायचा प्रयत्न करायचा. तो त्यांनी सोडून दिलेला. आता त्यांनी तो पुन्हा सुरू केला, पण मलाही बसवलं. "माझं नाक चालत नाही आणि तुझं तू वापरत नाहीस. दोघांनी शिकू." बाहेर पाऊस लागलेला असायचा आणि आम्ही दोघं टेबलाशी डोळे मिटून बसलेलो. त्यांनी चारावर आणखी वाढवले: नवं तेल, जुनं तेल, ताजी सुकट, पावसात सर्दावलेली सुकट. मी बोलायचं, त्यांनी ऐकायचं. "बरा" आणि "वाईट" म्हणायला बंदी. "कुठे लागतं सांग. कशासारखं सांग. आधी काय येतं, मागून काय राहतं." सुरुवातीला मला शब्दच मिळत नसत. मग हळूहळू म्हणू लागले, "जुन्या तेलाला मेणाच्या खडूसारखा येतो." ते खूश व्हायचे. "हां! खडू! तोच खवट."

जुलैतल्या एका सकाळी त्यांनी बाटली माझ्या नाकाखाली धरली. मी म्हटलं, "हॉस्पिटल."

"हॉस्पिटल ही जागा झाली. वास सांग."

"हॉस्पिटल," मी पुन्हा म्हटलं, आणि डोळे मिटलेलेच ठेवून सांगून टाकलं. मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. ते त्यांना सांगायच्या आतच चौथ्या महिन्यात सगळं संपलं. सासूबाईंनी मला रिक्षातून वसईच्या दवाखान्यात नेलं. तिथे खोलीत निलगिरी टाकून लादी पुसायचे. तिसऱ्या दिवशी घरी आले, चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. मी शेजाऱ्यांकडे उभी राहून, भिंतीला धरून, छान म्हटलं. सासूबाईंनाही बोलू दिलं नाही. मग ते सुट्टीवर आले तोवर सहा महिने झाले होते, आणि सांगायची वेळ निघून गेल्यासारखी वाटली.

मी डोळे उघडले. त्यांच्या हातात बाटली तशीच होती, बूच उघडं.

"मुलगा होता?"

"विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही."

"कुठे... त्यांनी कुठे ठेवलं?"

"माहीत नाही. मला काही दिलं नाही."

ते उठून मागे वाडीत गेले, पावसात, छत्री न घेता. मी खिडकीतून बघितलं. केळीत पाठमोरे उभे होते. मी रडेन असं मला वाटलं होतं. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं बाहेर आलं की माणूस रडतो, असं ऐकलेलं. मी बाटलीला बूच लावलं आणि टॉवेल घेऊन दारात उभी राहिले. ते आले, डोकं पुसलं, टॉवेल माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "चहा कर थोडा." त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

ऑगस्टच्या शेवटी बरणी उघडली. मासा खालपासून वरपर्यंत विटकरी झाला होता. मी हुंगलं. "सुकं मटण आणि समुद्र. खडू नाही." त्यांनी काटे काढले, मी केर निवडले, त्यांनी कुटलं. चमचा तोंडात घालून मी डोळे मिटले. ते थांबून राहिले.

"आधी खारट. मग ऑलिव्हचा कडवटपणा, जिभेच्या मागे. लसूण जास्त झालाय, बाकी सगळं झाकतोय. लिंबू कमी."

त्यांनी आणखी ऑलिव्ह घातले, लिंबू पिळलं. मी पुन्हा चाखलं. "आता मासा शेवटी येतो. आणि राहतो."

"राहतो?"

"हो. बराच वेळ."

त्यांनी खल बाजूला ठेवला. "झाली मग."

मला ती आवडली की नाही हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, की मला ती अजून आवडत नाही, पण आता ती कळते. मित्र येऊन बाटल्या घेऊन गेला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, दर पंधरवड्याला सहा हव्यात म्हणाला. "ह्या वेळी कोणी केली?" त्याने विचारलं. "दोघांनी," हे म्हणाले.

नोव्हेंबरमध्ये मृतांच्या दिवशी आम्ही दोघं देवळात गेलो. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. एवढ्या वर्षांत त्या दिवशी ते घरी क्वचितच असायचे, कबरी मीच साफ करायचे, फुलं मीच न्यायचे. संध्याकाळी सगळं गाव दफनभूमीत होतं. फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडत पुढे गेले. ह्यांनी सासू-सासऱ्यांच्या कबरीवर झेंडू पसरला, दोन मेणबत्त्या लावल्या. मग खिशातून तिसरी काढली. ती बारीक होती, आमच्या घरातली, वीज गेल्यावर लावायची. पायथ्याशी, मातीत, त्यांनी ती रोवली. वारा होता. दोनदा विझली. तिसऱ्यांदा त्यांनी तळहात आडवा धरला आणि ज्योत धरेपर्यंत तसेच उकिडवे बसून राहिले. साठीच्या माणसाचे गुडघे, उठताना त्यांना माझा हात धरावा लागला.

शेजारच्या कबरीपाशी उभ्या असलेल्या माझ्या चुलत जाऊबाईंनी विचारलं, "तिसरी कोणासाठी गं?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते मातीचे हात झटकत होते.

"आमच्या दुसऱ्या बाळासाठी," मी म्हटलं.

जाऊबाईंनी आपल्या टोपलीतली उरलेली शेवंती काढून त्या मेणबत्तीपाशी ठेवली. आम्ही मेण संपेपर्यंत थांबलो, मग गर्दीतून वाट काढत घराकडे निघालो.